देव मोठा का दिसतो?

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात युरोपातल्या प्रबोधनकाळाचा एक धडा होता. लिओनार्दो, मायकेलअँजेलो आणि राफाएल ही तीन नावं त्यात एका दमात यायची आणि परीक्षेत ‘टिपा लिहा’ म्हणून विचारली जायची. त्याच वर्षांत आपल्या सहली कान्हेरीला जायच्या. माकडांपासून डबे सांभाळत आपण पायऱ्या चढायचो, मोठ्या बुद्धमूर्तीपुढे रांगेत उभे राहायचो आणि संध्याकाळी बोरिवली स्टेशनावर पांगायचो. धडा एका कप्प्यात राहिला आणि सहल दुसऱ्या. स्मरणिकेच्या निमित्ताने हे दोन कप्पे एकमेकांशेजारी उघडून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी प्रश्न एकच घेऊ. धार्मिक चित्रात कोणाला किती मोठं दाखवायचं, हे कशावरून ठरतं?

चित्रकलेच्या तासाला आपल्याला याचं एक उत्तर मिळालं होतं: जवळचं मोठं, लांबचं लहान. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसलेल्यांना तर ते पाठच होतं. रेल्वेचे रूळ दूर जाताना एका बिंदूत मिळतात, विजेचे खांब बुटके होत जातात. हा नियम एकदा अंगवळणी पडला की जुन्या चित्रातला ताडासारखा देव आणि त्याच्या पायाशी बोटभर भक्त पाहून आपण सहज म्हणतो, “त्या काळी त्यांना पर्स्पेक्टिव्ह येत नव्हतं.” हे म्हणणं कितपत खरं आहे ते तपासायचं, तर जिथे हा नियम हिशेबासकट मांडला गेला तिथेच जायला हवं. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इटलीत. आणि तिथून परत आपल्या बोरिवलीला यायला हवं.

सावकाराच्या मुलाचं प्रार्थनागृह

उत्तर इटलीत पादोवा नावाचं गाव आहे. तिथल्या एन्रिको स्क्रोवेन्यी या धनिकाने एक प्रार्थनागृह बांधलं आणि जोत्तो या चित्रकाराने १३०५ च्या सुमारास त्याच्या भिंती रंगवल्या. एन्रिकोचे वडील व्याजबट्ट्यासाठी बदनाम होते. व्याज खाणं हे त्या काळी चर्चच्या दृष्टीने पाप होतं आणि कवी दान्तेने तर त्यांना आपल्या काव्यातल्या नरकातच बसवलं आहे. घराण्यावरचा हा डाग या प्रार्थनागृहामागे होता, असं मानलं जातं.

प्रवेशद्वाराच्या भिंतीवर अखेरच्या न्यायदिनाचं भव्य चित्र आहे. मधोमध तेजोवलयात येशू बसलेला आहे आणि तो आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे. खालच्या बाजूला एन्रिको गुडघ्यावर बसून आपल्या प्रार्थनागृहाची प्रतिकृती मरियेला अर्पण करतो आहे. त्याच्या अंगावर जांभळा झगा आहे, आणि ख्रिस्ती परंपरेत जांभळा हा पश्चात्तापाचा रंग. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याची उंची. दान देणाऱ्याला संतांच्या पायाशी अगदी चिमुकला दाखवायची जुनी रीत होती. इथे एन्रिको समोरच्या पवित्र व्यक्तींच्या तोडीचा आहे. सावकाराचा मुलगा मोठ्यांच्या बैठकीत येऊन बसला आहे.

त्याच वास्तूत येशूच्या मृत्यूनंतरच्या शोकाचं चित्र आहे. त्यात सगळी माणसं सारख्या मापाची आहेत. एक उघडाबोडका खडक वरून तिरका उतरत येतो आणि आपली नजर थेट त्या जागी नेतो, जिथे मरिया आपल्या मृत मुलाचा चेहरा जवळ घेऊन बसली आहे. म्हणजे चित्रातली सगळ्यात महत्त्वाची जागा मध्यभागी नाही, खाली एका कोपऱ्याकडे आहे. खडकाच्या माथ्यावर एक निष्पर्ण झाड आहे. पुढच्या बाजूला दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, पण त्यामुळेच आपण त्यांच्या मागे, त्याच गोलात बसल्यासारखे होतो. ज्याने मयताच्या घरी दारापाशी बसून पुढच्यांच्या पाठी पाहिल्या आहेत, त्याला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही.

एकच चित्रकार, एकच वास्तू, आणि मापं मात्र दोन. दुःख सांगायचं तिथे सगळे सारखे. निवाडा सांगायचा तिथे न्याय करणारा प्रचंड. जोत्तोला मोजता येत नव्हतं असं म्हणायला इथे जागाच उरत नाही.

देवाला सूट

आणखी सव्वाशे वर्षं पुढे येऊ. फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्की याने यथार्थदर्शनाची रीत प्रत्यक्ष करून दाखवली होती. मसाच्चो नावाच्या तरुण चित्रकाराने १४२७ च्या सुमारास सान्ता मारिया नोव्हेला या चर्चच्या भिंतीवर ‘त्रैक्य’ हे चित्र काढलं, तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा होता. पुढच्याच वर्षी तो वारला. सपाट भिंतीवर त्याने कमानीच्या छताची एक खोली अशी रंगवली की भिंतीला खरोखरच भोक पाडलं आहे असं वाटावं. छताच्या सगळ्या रेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, क्रुसाच्या पायथ्यापाशी मिळतात.

क्रुसावर येशू आहे. त्याच्या मागे पिता परमेश्वर दोन्ही हातांनी क्रूस धरून उभा आहे. दोघांच्या मध्ये एक पांढरं कबूतर आहे, म्हणजे पवित्र आत्मा. पटकन पाहिलं तर ते पित्याच्या झग्याची कॉलर वाटतं. खाली एका बाजूला मरिया आणि दुसऱ्या बाजूला संत योहान. मरिया मुलाकडे पाहत नाही, ती आपल्याकडे पाहते आणि हाताने त्याच्याकडे निर्देश करते. या खोलीबाहेर, खांबांच्या अलीकडे, एक नवरा-बायको गुडघे टेकून बसले आहेत. हे चित्राचे दाते. सगळ्यात खाली एक सांगाडा आडवा आहे आणि पाहणाऱ्याला तुझीही हीच गत होणार आहे, असं बजावतो.

आता मापं पाहा. दाते मरियेएवढेच मोठे आहेत. यामागे भक्ती जितकी आहे तितकाच हिशेबही आहे. जवळचं मोठं हा नियम मान्य केल्यावर सगळ्यात पुढे बसलेल्या जोडप्याला चिमुकलं काढता येतच नव्हतं. नियमाने माणसाची उंची वाढवली. पण याच नियमाने मागच्या बाजूला उंचावर असलेला पिता परमेश्वर खालून पाहिल्यासारखा, आखडलेला दिसायला हवा होता. मसाच्चोने तसं केलं नाही. त्याने पित्याला आणि येशूला समोरून पाहावं तसं सरळ, पूर्ण रंगवलं. छताला नियम, जोडप्याला नियम, देवाला सूट. ज्या माणसाने तो नियम भिंतीवर इतका चोख उतरवला, त्यानेच तो जाणूनबुजून मोडला आहे.

मायेचा पदर

तिसरं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. सान्सेपोल्क्रो या लहान गावात एक धर्मादाय मंडळ होतं, त्याचं नाव ‘मिसेरिकोर्दिया’, म्हणजे करुणा. या मंडळाने १४४५ मध्ये गावच्याच पिएरो देल्ला फ्रांचेस्काशी वेदीवरच्या चित्राचा करार केला. चित्र तीन वर्षांत पुरं करायचं, पिएरोने स्वतःच्या हाताने रंगवायचं, सोन्याचा मुलामा आणि उत्तम निळा रंग वापरायचा, अशा अटी होत्या. तीन वर्षांचं काम पंधरा-सोळा वर्षं रेंगाळलं, हा भाग वेगळा. आपल्याकडच्या कोणत्याही इमारतीच्या कामाशी तुलना करायला हरकत नाही.

त्या निळ्या रंगाबद्दल थोडं सांगायला हवं. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्द दगडापासून बनत असे आणि अत्यंत महाग असे. मरियेच्या झग्याला तोच निळा हवा, अशी अट दाते घालत, कारण सगळ्यात मोलाचा रंग सगळ्यात पवित्र व्यक्तीला द्यायचा. त्याच लाजवर्दाचा निळा अजिंठ्याच्या भिंतींवर इटलीच्या कितीतरी शतकं आधी लागलेला आहे.

पिएरोच्या चित्रात मधोमध मरिया उभी आहे. तिने आपला झगा दोन्ही हातांनी तंबूसारखा पसरला आहे आणि त्याच्या आत गावातली आठ माणसं गुडघे टेकून बसली आहेत, चार पुरुष आणि चार बायका. त्यांतल्या एकाने मंडळाची काळी टोपडी चेहऱ्यावर ओढली आहे. मरिया त्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि मागे सपाट सोनेरी रंग आहे. ना खोली, ना क्षितिज. आणि हा पिएरो कोण? ज्याने पुढे यथार्थदर्शनावर गणिती ग्रंथ लिहिला तो. त्याच्याइतकं ते शास्त्र जाणणारा दुसरा चित्रकार त्या शतकात शोधून सापडणं कठीण. तरीही करुणा दाखवायची वेळ आली तेव्हा त्याने जुनंच माप उचललं. कारण एका माणसाच्या उंचीच्या बाईच्या पदराखाली अख्खं गाव मावत नाही.

मात्र त्याने केवळ जुनं गिरवलं नाही. ती आठ माणसं भरीव आहेत, त्यांच्यावर उजेड-सावली आहे आणि ती मरियेभोवती खरोखर गोलाकार बसली आहेत. आपल्या घरांतल्या राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीत हाच प्रकार आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्यांच्या छापखान्यातून ती घराघरांत पोहोचली. साडीच्या चुण्या, पाणी, उजेड सगळं युरोपीय पद्धतीचं, आणि हात मात्र चार. त्यावर “शरीरशास्त्र चुकलं” असं कोणी म्हणत नाही. चार हात कशासाठी आहेत ते आपल्याला ठाऊक असतं.

बोरिवलीच्या डोंगरात

आता कान्हेरी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या या डोंगरात शंभरावर लेणी आहेत आणि हजार वर्षांहून अधिक काळ ती कोरली, वापरली जात होती. कल्याण, सोपारा ही बंदरं जवळ असल्याने इथल्या शिलालेखांत व्यापाऱ्यांची दानं जागोजागी सापडतात. फ्लॉरेन्समध्ये जसे पेढीवाले, तसे इथे जहाजांवर माल चढवणारे.

तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे मोठं चैत्यगृह. चौतीस खांब आणि टोकाला स्तूप. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं आहे. आत जाण्याआधी व्हरांड्यातल्या समोरच्या भिंतीकडे पाहा. दाराच्या दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. पुरुषांच्या डोक्याला भरगच्च फेटे, बायकांच्या अंगावर ठसठशीत दागिने, आणि उभं राहण्यात घरच्यासारखा मोकळेपणा. या दात्यांच्या जोड्या मानल्या जातात. सगळी भिंत त्यांनी व्यापली आहे.

मग बुद्ध कुठे आहे? मूळच्या कोरीवकामात तो मनुष्यरूपात नाहीच. आतला स्तूप म्हणजे तो. खांबांच्या माथ्यांवर हत्ती आणि माणसं स्तूपाची, बोधिवृक्षाची पूजा करताना दिसतात. ज्याने सगळ्या रूपांच्या पलीकडे जाण्याची वाट सांगितली, त्याला रूपात कसं बांधायचं, असा त्यामागचा विचार सांगितला जातो. म्हणून दुसऱ्या शतकातल्या त्या दर्शनी भिंतीवर माणूस भव्य आहे आणि बुद्ध अदृश्य.

त्याच व्हरांड्याच्या दोन टोकांना आपल्या सहलीतले ते दोन उभे बुद्ध आहेत, सुमारे सात मीटर उंचीचे. ते तीनशेएक वर्षांनी, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कोरले गेले. तोवर महायान पंथ रुजला होता आणि बुद्ध मूर्तीत अवतरला होता. एकाच व्हरांड्यात आपण मध्ये पाहिलं तर माणूस मोठा आणि बाजूला मान वळवली तर त्याच माणसाला वर पाहावं लागतं. फ्लॉरेन्समध्ये दात्याची उंची वाढत गेली. कान्हेरीत ती बुद्धापुढे कमी होत गेली. दोन्हीकडचे कारागीर आपापल्या कामात तरबेजच होते. बदलला तो प्रश्न: या भिंतीने कोणाकडे पाहायला लावायचं?

आता वर चढून नव्वदाव्या लेण्यात जाऊ. सहलीत फार थोडे जण इथवर पोहोचायचे. या लेण्यात अवलोकितेश्वराचा एक शिल्पपट आहे. मध्ये हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व, शेजारी दोन स्त्रीमूर्ती, आणि दोन्ही कडांना लहान लहान प्रसंगांच्या चौकटी. प्रत्येक चौकटीत कोणी ना कोणी संकटात आहे: चालून येणारा हत्ती, सिंह, साप, आग, लुटारू, बुडणारं गलबत. ‘सद्धर्मपुंडरीक’ या ग्रंथात अवलोकितेश्वराचं नाव घेताच ही संकटं टळतात असं सांगितलं आहे, आणि शिल्पकाराने तेच मांडलं आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातही असाच पट आहे.

हा पट डावीकडून उजवीकडे गोष्टीसारखा वाचायचा नसतो. नजर आधी मधल्या शांत, उंच आकृतीवर जाते, मग कडेच्या एखाद्या धावपळीकडे आणि पुन्हा मध्ये परतते. संकट कोणतंही असो, परतायची जागा तीच. रचनेतूनच हे सांगितलं जातं, अक्षर वाचता येण्याची गरज नाही. सोपाऱ्याहून गलबत सोडणाऱ्या व्यापाऱ्याची नजर कोणत्या चौकटीवर थांबत असेल हे सांगायला नकोच. आपल्याकडची बाई मात्र सापाच्या चौकटीपुढे हात जोडून उभी राहिली असेल.

पिएरोची मरिया आणि हा अवलोकितेश्वर यांच्यात आठ-नऊशे वर्षांचं आणि दोन धर्मांचं अंतर आहे. एकमेकांची त्यांना गंधवार्ता नाही. तरी दोघांची मांडणी सारखी आहे: मध्ये एक भव्य, स्थिर व्यक्ती आणि तिच्या आधाराने असलेली लहान, घाबरलेली माणसं. करुणेला चित्रात उतरवायचं तर ती माणसापेक्षा मोठी असावी लागते, कारण घाबरलेल्या माणसाला ती तशीच हवी असते. एक्केचाळिसाव्या लेण्यात तर अवलोकितेश्वराला अकरा मुखं आहेत. सगळ्या दिशांचं दुःख पाहायला एक तोंड अपुरं पडतं, एवढा साधा त्याचा अर्थ.

नव्वदाव्या लेण्यातच आणखी एक गोष्ट आहे. भिंतीवर पहलवी लिपीत काही लेख कोरलेले आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले. इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं नोंदवली आहेत. अग्नीची उपासना करणारी, मूर्ती न मानणारी ही माणसं हजार वर्षांपूर्वी जंगलातला डोंगर चढून दुसऱ्याच्या धर्माचं शिल्प पाहायला आली होती. त्यांनी ते कसं वाचलं हे त्यांनी लिहिलेलं नाही. पण ती आली, थांबली आणि आल्याची तारीख लिहून गेली.

एकाच खडकावर दोन खुणा

दुसऱ्याचं चित्र न वाचताच त्याचा निकाल लावला गेला, असंही आपल्याच उपनगरात घडलं आहे. बोरिवली-दहिसरच्या सीमेवरचं मंडपेश्वर आपल्यापैकी अनेकांना समोरच्या मैदानावरच्या क्रिकेटमुळे माहीत आहे. हे शैव लेणं. त्यात नृत्य करणाऱ्या शिवाचा पट आहे: मध्ये अनेक हातांचा, इतर सगळ्यांपेक्षा मोठा शिव, आणि भोवती ब्रह्मा, विष्णू, गणेश, पार्वती. इथेही जोत्तोच्या न्यायदिनासारखंच माप आहे. ज्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा, तो सगळ्यांत मोठा. अनेक हातांमुळे एकाच दगडात नाचाचे अनेक क्षण एकदम दिसतात.

सोळाव्या शतकाच्या मध्यास साष्टी बेट पोर्तुगिजांकडे असताना आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या काळात या लेण्याचं प्रार्थनास्थळ झालं आणि माथ्यावर चर्च आणि मठ उभे राहिले. एका मोठ्या चौकटीतलं जुनं शिल्प तासून तिथे क्रूस कोरला गेला. पुढे १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि मठ ओस पडला. आज माथ्यावर पडक्या भिंती आहेत, खाली नाचणारा शिव आहे आणि बाजूच्या खडकात क्रूस आहे.

असं झाकणं-पुसणं फक्त परक्या धर्माच्या बाबतीतच होतं असं नाही. मसाच्चोचं ‘त्रैक्य’ १५७० च्या सुमारास वासारीने नवी वेदी उभारून झाकून टाकलं, तेही ख्रिस्ती चर्चमध्येच. हा तोच वासारी, ज्याने आपल्या पुस्तकात मसाच्चोची तोंडभरून स्तुती केली होती. ते चित्र पुन्हा उजेडात यायला १८६० चं दशक उजाडावं लागलं. फरक एवढाच की झाकलेलं परत मिळतं आणि तासलेलं मिळत नाही.

मंडपेश्वरच्या त्या क्रुसापुढे उभं राहिलं की राग येऊ शकतो, आणि तो येण्यात गैर काही नाही. पण तो येऊन गेल्यावर थोडं थांबून पाहावं. हा क्रूस साधा आहे, त्यावर येशूची आकृती नाही. कान्हेरीच्या स्तूपात जसा बुद्धाच्या शरीराविना बुद्ध, तसा इथे येशूच्या शरीराविना येशू. ज्यांनी तो कोरला त्यांना शेजारच्या डोंगरातली ही भाषा वाचता आली असती, तर छिन्नी चालवताना त्यांचा हात थोडा अडखळला असता असं वाटतं. न वाचलेलं शिल्प दगडच राहतं, आणि दगड फोडायला कोणाला काही वाटत नाही. पोर्तुगिजांना हे लागू होतं तितकंच आज लेण्यांच्या भिंतींवर बदामात आपली नावं कोरणाऱ्यांनाही.

मरियेची साडी

शेवटी एका चित्रकाराचं नाव घ्यायलाच हवं, कारण त्याने या दोन भाषा एकत्र बोलून दाखवल्या. आंजेलो द फोन्सेका १९०२ मध्ये गोव्यातल्या सांत इस्तेव्ह इथे जन्मले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकायला आले, ते सोडून बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे गेले आणि नंतर पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी आयुष्यभर ख्रिस्ती विषय रंगवले. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची मरिया साडी नेसते, इथल्या बायकांसारखी बसते, इथल्या रंगाची आहे. गोव्यातल्या अनेकांना हे रुचलं नाही. मरियेला साडी कशी चालेल?

याचं उत्तर फ्लॉरेन्समध्येच आहे. सान मार्कोच्या मठात जिन्याच्या माथ्यावर फ्रा आंजेलिकोने १४४० च्या दशकात काढलेलं चित्र आहे: देवदूत मरियेला येशूच्या जन्माची वार्ता सांगतो तो प्रसंग. शेजारी कुंपण घातलेली बाग आहे, मरियेच्या कौमार्याचं ते चिन्ह. आणि दोघं ज्या ओसरीत आहेत ती नाझरेथची नाही. मिकेलोत्झो या वास्तुकाराने मठ नव्याने बांधला होता, त्याच्याच ढंगाची ती ओसरी आहे. जिना चढून कोठडीकडे जाणाऱ्या साधूला मरिया आपल्याच मठाच्या ओसरीत बसलेली दिसे. चित्राखालच्या ओळीत, इथून जाताना तिला वंदन करायला विसरू नकोस, अशी आठवणही आहे. फ्रा आंजेलिकोने जे फ्लॉरेन्सच्या साधूंसाठी केलं, तेच फोन्सेकांनी आपल्या माणसांसाठी केलं. एकाला परंपरा म्हणायचं आणि दुसऱ्याला आगळीक, हे काही बरोबर नाही.

पाहण्याचे तीन प्रश्न

धार्मिक चित्र किंवा शिल्प पुढे आलं की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. सगळ्यात मोठं कोण आहे आणि त्याला मोठं का केलं आहे? हातात, अंगावर, शेजारी काय आहे: कमळ, किल्ली, निळा झगा, सुकलेलं झाड? आणि हे करणाऱ्याने मला कुठे उभं केलं आहे: शोक करणाऱ्यांच्या मागे, जिन्याच्या तोंडाशी, की सात मीटरच्या मूर्तीच्या पायाशी? या प्रश्नांना धर्म लागत नाही. भाविकाचं पाहणं त्याने कमी होत नाही आणि न मानणाऱ्यालाही काही मिळतं.

आपल्या वर्गात सत्यनारायणाच्या पूजेला जाणारे होते, रविवारी चर्चला जाणारे होते, बुद्धपौर्णिमेला कान्हेरीला जाणारे होते. एकमेकांच्या घरी आपण जेवलो आहोत. एकमेकांच्या भिंतीवरच्या तसबिरी मात्र आपण नुसत्या ओलांडल्या. आता मुलं मोठी झाली आहेत, काही जणांना नातवंडं आहेत आणि वेळ थोडा मोकळा आहे. पुढचा मेळावा सभागृहाऐवजी कान्हेरीला घ्यावा, अशी संयोजकांना विनंती आहे. सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. गुडघे साथ देतील त्यांनी नव्वदाव्या लेण्यापर्यंत यावं, बाकीच्यांसाठी तिसऱ्या लेण्याचा व्हरांडा पुरेसा आहे. इतिहासाच्या आणि चित्रकलेच्या आपल्या बाई-सरांनी पुढे बसावं. या वेळी ‘टिपा लिहा’ नसेल. नुसतं पाहायचं आणि कोणाला काय दिसलं ते एकमेकांना सांगायचं.